वपन, पगडी आणि टोपी : आधुनिक महाराष्ट्रातील केशभूषा व शिरोभूषणाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

वेशभूषेच्या इतिहासात केशरचना आणि शिरोभूषण यांना बहुधा शेवटच्या प्रकरणात स्थान मिळते. वस्त्रे, अलंकार, पादत्राणे यांची वर्णने झाल्यावर उरलेल्या जागेत खोपे, वेण्या, पगड्या आणि टोप्या यांची यादी दिली जाते व विषय संपतो. या मांडणीत एक गृहीतक दडलेले असते. डोक्यावरचे केस आणि त्यांवरचे वस्त्र हा हौसेचा, सौंदर्याचा किंवा फार तर हवामानाचा प्रश्न आहे, असे ते गृहीतक होय. महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या व विसाव्या शतकाकडे पाहिले असता हे गृहीतक टिकत नाही. या काळात डोके कोणी झाकावे, कशाने झाकावे, केस कोणी ठेवावेत, कोणी काढावेत आणि ते कोणाच्या हातून काढले जावेत, या प्रत्येक प्रश्नावर वाद झाले, बहिष्कार पडले, सभा भरल्या आणि प्रसंगी लष्करी कायद्याचाही वापर झाला.

भाषेने या इतिहासाची नोंद ग्रंथांपेक्षा अधिक प्रामाणिकपणे ठेवली आहे. मत बदलणाऱ्याने ‘पगडी फिरवली’ असे म्हटले जाते. फसवणारा ‘टोपी घालतो’ किंवा ‘शेंडी लावतो’. निश्चय करणारा ‘शेंडीला गाठ मारतो’. विश्वासघात करणारा ‘केसाने गळा कापतो’. मुंबईत तर घरभाड्याव्यतिरिक्त घरमालकाला द्यावयाच्या ठोक रकमेलाच ‘पगडी’ हे नाव पडले आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने अशा रकमेला कायदेशीर मान्यता दिली. डोक्यावरच्या वस्त्राचे नाव मालमत्तेच्या व्यवहाराला मिळावे यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही, कारण पगडी ही मुळात प्रतिष्ठेचीच ठेव होती. याउलट ‘बोडकी’ हा शब्द पाहावा. ‘डोके उघडे असलेली’ एवढाच त्याचा वाच्यार्थ. पण मराठी घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या शिवी म्हणून वापरला गेला. एकाच अवयवाशी संबंधित असलेल्या या दोन शब्दांतील अंतर हाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

पगडी, पागोटे आणि मुंडण केलेले डोके

आज ‘पगडी’ हा शब्द सरसकट वापरला जातो. परंतु जुन्या व्यवहारात शिरोवस्त्रांचे प्रकार काटेकोरपणे वेगळे मानले जात. पागोटे म्हणजे अरुंद पन्ह्याचे, कित्येक हात लांब, तलम वस्त्र. ते नेसणाऱ्याने स्वतःच्या डोक्यावर दररोज किंवा काही दिवसांनी बांधावयाचे. चंदेरीची तलम पागोटी मराठा सरदारांत विशेष मान्यता पावलेली होती. पगडी ही बांधून तयार केलेली वस्तू. ती पगडबंद नावाचा कारागीर ठरावीक घाटात बांधून देई आणि मग ती टोपीप्रमाणे डोक्यावर ठेवता व उतरवता येई. फेटा अधिक रुंद व तुलनेने आखूड वस्त्राचा, मुंडासे शेतकऱ्याच्या व कष्टकऱ्याच्या डोक्यावरचे, तर रुमाल हा चौकोनी वस्त्राची घडी घालून बांधावयाचा. या प्रकारांतही घाटाचे भेद होते. शिंदेशाही घाट वेगळा, पुण्याचा वेगळा. मुंबईत पारशी, भाटिया, प्रभू, सारस्वत यांची शिरोभूषणे दुरूनही ओळखू येत.

दुरून ओळखू येणे हाच या भेदांचा खरा उपयोग होता. अनोळखी माणसाशी कोणत्या संबोधनाने बोलावे, त्याला ओसरीवर बसवावे की अंगणात, याचा निर्णय पाहणाऱ्याला शब्द उच्चारण्यापूर्वीच करता येत असे. त्यामुळे शिरोभूषणाची निवड व्यक्तीच्या हाती नव्हती. ती जन्माने झालेली असे. आज ‘फॅशन’ या शब्दातून जो अर्थ निघतो, म्हणजे आवडीनुसार बदलण्याची मुभा, तो या व्यवस्थेत जवळजवळ नव्हता. घाटात बारीकसारीक बदल होत, जरीचा काठ येई वा जाई, रंग बदलत. परंतु एका जातीच्या माणसाने दुसऱ्या जातीची पगडी घालणे हा वेशबदल न राहता दाव्याचा प्रश्न होई.

पगडी आणि तिच्याखालचे डोके यांचा संबंध इतिहासकारांनी फारसा विचारात घेतलेला नाही. पगडीच्या काळातील हिंदू पुरुषाचे डोके बहुधा वपन केलेले असे. मध्यभागी शेंडी, क्वचित तिच्याभोवती घेरा, कडेने संजाब आणि उरलेले डोके वस्तऱ्याने तासलेले. उष्ण हवेत कापडाच्या अनेक वेढ्यांखाली दाट केस ठेवणे गैरसोयीचेच होते. म्हणजे शेंडी आणि पगडी ही एका जोडीची दोन अंगे होती, आणि म्हणूनच त्यांचा अस्तही बरोबरच झाला. इंग्रजी शाळा-महाविद्यालयांतील तरुणांनी केस वाढवून भांग पाडण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यावर झालेली टीका केवळ सौंदर्यदृष्टीची नव्हती. शेंडी लहान होणे हे धर्म लहान होण्याचे चिन्ह मानले गेले. तथापि पुरुषांच्या बाबतीत हा वाद थट्टेवर आणि घरातील कुरबुरीवर मिटला. एक-दोन पिढ्यांत झुलपे आणि भांग रुळले. ज्या समाजाने पुरुषाच्या वाढलेल्या केसांकडे इतक्या लवकर काणाडोळा केला, त्याच समाजाने स्त्रीच्या केसांबाबत काय केले, हे पाहिल्यावर या सहिष्णुतेची मर्यादा स्पष्ट होते.

वपनाचा प्रश्न

ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही पांढरपेशा जातींत पती निवर्तल्यावर स्त्रीचे केशवपन करण्याची चाल होती. वपन एकदाच करून भागत नसे. ठरावीक दिवसांनी न्हाव्याला घरी बोलावले जाई, मागील दारी किंवा परसात विधवेला त्याच्यापुढे बसावे लागे, आणि हा प्रसंग मरेपर्यंत चाले. तिच्या अंगावर तांबडे आलवण येई, पदराने डोके सतत झाकलेले असे. कुंकू, मंगळसूत्र, फुले ही सौभाग्यचिन्हे तर आधीच गेलेली असत. बालविवाहाच्या प्रथेमुळे यांतील अनेकजणी ज्या वयात केस विंचरून घेण्यासाठी आईपुढे बसावयाचे, त्या वयात वस्तऱ्यापुढे बसलेल्या होत्या.

या चालीचे समर्थन करणाऱ्यांचा मुख्य आधार स्कंदपुराणातील काशीखंडाचा होता. विधवेने वेणी बांधली तर परलोकी पतीला बंधन पडते, असा त्यातील आशय. पुढे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या प्रश्नाचा सविस्तर परामर्श घेतला आणि या चालीला प्राचीन धर्मशास्त्रात आधार नसून ती उत्तरकाळात रूढ झाली, असे दाखवून दिले. परंतु काण्यांचा निष्कर्ष येईपर्यंत विसाव्या शतकाचा चौथा-पाचवा दशक उजाडला होता. एकोणिसाव्या शतकातील सुधारकांना शास्त्रार्थापेक्षा वेगळ्या मार्गाने जावे लागले.

पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथातून उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीचे वर्णन करताना वपनाचा उल्लेख केला आणि हा प्रश्न देशाबाहेर पोहोचविला. गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८८ मध्ये सुरू केलेल्या ‘सुधारका’तून या चालीवर कठोर टीका केली. आगरकरांची भूमिका येथे लक्षात घेण्यासारखी आहे. शास्त्रात काय आहे हा प्रश्न त्यांनी दुय्यम मानला. जे बुद्धीला व माणुसकीला पटत नाही ते शास्त्रात असले तरी त्याज्य, हा त्यांचा पवित्रा होता. स्त्रीपुरुषांच्या पोशाखात कालानुरूप बदल व्हावेत, असे ते अन्य लेखांतूनही मांडत. त्यांच्या दृष्टीने वेश व केस हा धर्माचा विषय नसून सोयीचा आणि स्वातंत्र्याचा विषय होता. हरि नारायण आपटे यांनी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः प्रसिद्ध केलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीत यमूच्या सक्तीच्या वपनाचा प्रसंग रंगविला. वृत्तपत्रीय लेखांनी जे वाचक केवळ संतापले वा सुखावले, त्यांना या प्रसंगाने अस्वस्थ केले. मराठी कादंबरीने एखाद्या सामाजिक प्रश्नाला एवढ्या थेटपणे हात घातल्याची उदाहरणे त्यापूर्वी थोडीच आहेत.

या सर्व चर्चेत एक घटक दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला होता. तो म्हणजे वस्तरा धरणारा हात. शास्त्री निर्णय देत, घरातील कर्ता पुरुष आज्ञा करी. पण प्रत्यक्ष कृती नाभिकाला करावी लागे. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे वपन न करण्याचा निर्धार तीत व्यक्त झाला. या उपक्रमामागे ‘दीनबंधू’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता, लोखंडे हे सत्यशोधक विचारांचे आणि महात्मा फुले यांचे सहकारी. लोकस्मृतीत हा संप फुल्यांच्या पुण्यातील कार्याशी जोडला जातो. १८६३ मध्ये पुण्यात विधवांच्या प्रसूतीसाठी व अर्भकांच्या रक्षणासाठी गृह काढणाऱ्या फुल्यांशी तो जोडला जावा, हे स्वाभाविकच आहे. वैचारिक प्रेरणेचे श्रेय त्यांच्याकडे जाते यात शंका नाही. मात्र मुंबईतील सभेचे संघटन लोखंड्यांचे होते, हे नमूद करणे इतिहासाच्या दृष्टीने आवश्यक आहे. एकाच थोर पुरुषाच्या नावे सर्व घटना जमा करण्याची सवय अभ्यासकांनीही पुरती सोडलेली नाही.

या सभेने केशवपन थांबले का? नाही. ही चाल पुढे कित्येक दशके चालू राहिली. मग तिचे महत्त्व कशात? नाभिक हा बलुतेदार. घराघरांतून मिळणाऱ्या धान्यावर त्याचा संसार चाले आणि कोणते काम करावयाचे, कोणते नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्याला परंपरेने दिलेला नव्हता. अशा माणसाने ‘हे काम आपल्याला करावयाचे नाही’ असे म्हणणे म्हणजे ब्राह्मण विधवेच्या दुःखाची जबाबदारी स्वतःवर घेणे आणि त्याच वेळी स्वतःच्या श्रमावरचा हक्क सांगणे होते. सुधारणेच्या इतिहासात उच्चवर्णीय सुधारकांनी कनिष्ठ जातींचा कैवार घेतल्याची वर्णने पुष्कळ आहेत. येथे क्रम उलटा झालेला दिसतो, आणि बहुधा म्हणूनच पाठ्यपुस्तकांत या घटनेला एक-दोन ओळींपलीकडे जागा मिळालेली नाही.

सकेशा आणि विकेशा

वाद जसजसा वाढत गेला, तसतसे मराठीत दोन संस्कृत शब्द रुळले. वपन न केलेली विधवा ‘सकेशा’ आणि वपन केलेली ‘विकेशा’. शब्द निर्माण होतात तेव्हा वस्तुस्थितीही निर्माण झालेली असते. म्हणजे केस राखणारी विधवा हा अपवाद न राहता एक ओळखता येण्याजोगा वर्ग झाला होता.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत पंडिता रमाबाईंनी शारदा सदन सुरू केले. गोदूबाई जोशी या बालविधवेने तेथे शिक्षण घेतले. १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई तथा बाया कर्वे या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांचे ‘माझे पुराण’ (१९४४) हे आत्मचरित्र या प्रश्नाकडे आतून पाहण्याचे एक साधन आहे. सुधारकांच्या लेखांत विधवा ही करुणेचा विषय असते; बायांच्या आत्मकथनात ती चालती-बोलती, हट्टी, विनोद करणारी व्यक्ती आहे. वपनाच्या प्रश्नावरील मराठी लेखनात पुरुषांची वाक्ये जेवढी उद्धृत होतात, त्या मानाने या पुस्तकाचा उपयोग कमीच झाला आहे.

बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. कर्व्यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमासाठी त्यांनी वर्षानुवर्षे वर्गणी गोळा केली. या काळात बराच काळ त्या विकेशा होत्या. सुधारकी संस्थेची प्रतिनिधी सोवळ्या वेषात दारी आली असता सनातनी घरांतही तिला बसावयास पाट मिळे. सकेशा विधवेला तो मिळाला असता किंवा नाही, याची शंका आहे. म्हणजे जे वपन तिच्यावर लादले गेले होते, तेच तिच्या कार्याचे साधनही झाले. पुढे त्यांनी वपन बंद केले, तेव्हा टीका सहन करावी लागली आणि ती केवळ सनातन्यांचीच नव्हती. इतकी वर्षे चालले, मग आता या वयात केस कशाला, हा प्रश्न विचारणाऱ्यांत आश्रमाचे हितचिंतकही असावेत, असे मानण्यास जागा आहे. त्यांच्या ‘माझी कहाणी’ (१९२८) या आत्मचरित्रातून या निर्णयामागील मानसिक संघर्ष कळतो. बालपणी विधवा झालेल्या मुलीचे केस राखणे ही सुधारणा समाजाला हळूहळू मान्य होत होती. परंतु प्रौढ स्त्रीने, कोणाच्या आग्रहाविना, स्वतःच्या मनाने केस वाढविणे हे अधिक अवघड होते. येथे दया दाखविण्याला वाव नव्हता; केवळ निर्णयाचा हक्क मान्य करावा लागत होता.

धोकटी ते केशकर्तनालय

याच कालखंडात नाभिकाच्या व्यवसायाचे स्वरूप बदलले. पूर्वी धोकटी घेऊन तो घरोघर जाई, झाडाखाली किंवा ओट्यावर बसून हजामत करी आणि सुगीला बलुते घेई. शहरांत रोख पैशाचा व्यवहार आला. मग खुर्ची आली, समोरासमोर लावलेले आरसे आले आणि पाटीवर ‘केशकर्तनालय’ हे भारदस्त नाव आले. या बदलात एक सूक्ष्म क्रांती होती. पूर्वी न्हावी गिऱ्हाइकाकडे जात असे, आता गिऱ्हाईक त्याच्याकडे येऊ लागले. त्याच्या जागेत, त्याच्या वेळेनुसार, आधी आलेल्यांच्या मागे बसून वाट पाहणे पांढरपेशा पुरुषाला शिकावे लागले.

मात्र या समतेला मर्यादा होती. गावोगावच्या नाभिकांनी अस्पृश्य मानलेल्या जातींची हजामत करावयाची नाही, हा दंडक खुर्ची आल्यावरही अनेक ठिकाणी टिकून राहिला. ज्या हातांनी अन्याय्य वपनाला नकार दिला, त्याच व्यवसायात दलितांच्या हजामतीलाही नकार होता, ही विसंगती झाकून चालणार नाही. अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम, १९५५ ने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा दंडनीय गुन्हा ठरविला, त्या तरतुदीच्या पार्श्वभूमीवर केशकर्तनालयाची खुर्ची ही पाणवठ्याइतकीच वादाची जागा होती.

अंबाडा, गजरा आणि बालगंधर्व

सधवा स्त्रियांच्या केशरचनेत अंबाडा, खोपा, बुचडा, वेणी हे मुख्य प्रकार होते. केस विरळ असतील तर गंगावन जोडले जाई. सणासमारंभाला मूद, राखडी, केतक, चंद्रकोर, फुले असे सोन्याचे दागिने केसांत खोवले जात. कोकणात व गोमंतकात अबोली, सुरंगी, बकुळ यांच्या वळेसरांना विशेष मान. हे सारे सौंदर्यसाधन खरे. परंतु त्याचा उपभोग सौभाग्याशी बांधलेला होता. पती असेतोवर गजरा, नसल्यावर वस्तरा. या दोन टोकांच्या मधली जागा, म्हणजे स्त्रीने केवळ स्वतःला आवडते म्हणून केसांत फूल माळणे, परंपरेला ठाऊक नव्हती.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय स्त्रियांना नवी केशभूषा शिकविली ती एका पुरुषाने, हा या इतिहासातील मनोरंजक भाग होय. नारायण श्रीपाद राजहंस तथा बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी ‘मानापमान’मधील (१९११) भामिनी, ‘स्वयंवर’मधील (१९१६) रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधील (१९१९) सिंधू अशा भूमिका केल्या. त्यांची लुगडे नेसण्याची धाटणी, दागिन्यांची निवड, केसांची बांधणी व त्यांवरचे गजरे यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करू लागल्या. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाच्या डोक्यावर ‘टोप’ असे, म्हणजे कृत्रिम केस. स्त्रियांनी स्वतःचे खरे केस या खोट्या केसांच्या नमुन्यावर बांधले.

याचा अर्थ लावताना घाई करू नये. स्त्रीत्वाची व्याख्यासुद्धा पुरुषानेच केली, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि तो अंशतः खराही आहे. परंतु दुसरी बाजू अशी की, जातीच्या व घराण्याच्या रीतीबाहेरचा नमुना स्त्रियांपुढे प्रथमच आला. आजीने बांधला तसा अंबाडा न बांधता नाटकात पाहिला तसा बांधावा, ही इच्छा कितीही क्षुल्लक वाटली तरी तीत निवड होती. पुढे चित्रपटांनी हेच काम अधिक वेगाने केले. ‘बॉब’ केलेल्या केसांची जी यथेच्छ थट्टा मराठी विनोदी लेखनात झाली, तिच्यामागे कात्रीची भीती नसून या निवडीची भीती होती.

टोपी

पुरुषांच्या डोक्यावरून पगडी उतरली ती टोपीसाठी. १८९३ मध्ये दर्बानच्या न्यायालयात पगडी उतरविण्यास नकार देऊन बाहेर पडलेले गांधीच पुढे पगडीच्या अस्ताला कारण व्हावेत, हा इतिहासातील योगायोग म्हणावा लागेल. काकासाहेब कालेलकर यांनी नोंदविल्यानुसार, गांधींनी देशातील निरनिराळ्या शिरोभूषणांचा विचार केला आणि काश्मिरी टोपी त्यांना सोयीची वाटली. ती हलकी होती, घडी करून खिशात ठेवता येत होती आणि तिला कापड थोडे लागत होते. लोकरीऐवजी त्यांनी खादी निवडली, आणि रंग पांढरा, कारण मळलेला दिसतो आणि म्हणून धुतला जातो. स्वतः गांधींनी ही टोपी थोडाच काळ वापरली; सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत पंचा स्वीकारल्यावर त्यांनी ती सोडली. टोपी मात्र राहिली.

या टोपीने जे केले ते शतकभराच्या उपदेशाला जमले नव्हते. वकील, विणकर, शेतकरी, शिक्षक यांच्या डोक्यावर एकच वस्त्र आले आणि दुरून जात ओळखण्याची सोय नाहीशी झाली. सरकारला या वस्त्राची धास्ती वाटली. मे-जून १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा गांधी टोपी घालून रस्त्यावर येणे धोक्याचे झाले व लोकांच्या डोक्यावरील टोप्या उतरविल्या गेल्या. याच प्रकरणात मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. स्वातंत्र्यानंतर हीच टोपी सत्तेची खूण झाली आणि तिचा दबदबा ओसरला. विनोदी नाटकांतील पुढाऱ्याच्या डोक्यावर ती न चुकता आली. ग्रामीण शेतकऱ्याने, वारकऱ्याने आणि मुंबईच्या डबेवाल्याने मात्र ती राजकारणापासून वेगळी करून आपलीशी केली. २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात तिच्यावर अक्षरे छापली गेली आणि टोपी फलकासारखी वापरली जाऊ लागली.

जट

वपनाच्या उलट टोकाला जटेचा प्रश्न आहे. केस न विंचरल्याने, तेल-पाणी व स्वच्छता यांच्या अभावी गुंता होऊन त्यांची जट होते. दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात ती यल्लम्मा देवीचे बोलावणे मानली गेली आणि जट आलेल्या कित्येक मुलींना देवीला सोडण्यात आले. जट कापणे म्हणजे देवीचा कोप ओढवून घेणे, अशी समजूत असल्याने मानेवर भार, डोक्यात उवा आणि त्वचेला जखमा सोसत स्त्रिया वर्षानुवर्षे ती वागवीत राहिल्या. १९३४ चा मुंबई देवदासी संरक्षण कायदा आणि त्यानंतर महाराष्ट्राचा २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलन अधिनियम यांनी देवीला सोडण्याच्या प्रथेवर बंदी आणली. तथापि कायदा जटेपर्यंत पोहोचत नाही. तेथे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन, कुटुंबाची समजूत घालून, कात्रीने जट सोडविण्याचे काम हाती घेतले.

एका स्त्रीवर केस काढण्याची सक्ती, दुसरीवर न काढण्याची. एकीच्या बाबतीत वस्तरा हे जुलमाचे साधन, दुसरीच्या बाबतीत कात्री हे सुटकेचे. सुधारणेच्या चळवळीचा इतिहास ‘केस राखण्याचा हक्क’ या शीर्षकाखाली लिहिला तर जटेची हकीकत त्यात बसत नाही. केशवपनाविषयी विपुल लेखन झाले, कारण ते लेखणी हाती असलेल्या जातींच्या घरांत घडत होते. जटेविषयीचे लेखन अल्प आहे. तिचा भार वाहणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया त्या घरांतील नव्हत्या.

पुन्हा पगडी

२००९ मध्ये पुणेरी पगडीला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली आणि एका विशिष्ट वर्गाचे शिरोभूषण शहराचे उत्पादन म्हणून अधिकृत झाले. तोवर नित्य वापरातून ती गेली होती. सत्काराच्या तबकात, लग्नात आणि व्यासपीठावर तेवढी उरली होती. जून २०१८ मध्ये पुण्यातील एका राजकीय मेळाव्यात पाहुण्यांना यापुढे पुणेरी पगडीऐवजी फुले यांची पगडी द्यावी, असे जाहीर करण्यात आले आणि जवळजवळ विस्मृतीत गेलेला पगडीभेद पुन्हा चर्चेत आला. जानेवारी २०१९ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभातही कोणती पगडी, हा प्रश्न उपस्थित झाला. युरोपीय झग्याला व चौकोनी टोपीला देशी पर्याय शोधताना ‘देशी’ म्हणजे कोणाचे, या प्रश्नाला विद्यापीठालाही सामोरे जावे लागले.

या वादात एक तपशील सर्वांच्याच नजरेतून निसटला. महात्मा फुले यांच्या डोक्यावर दिसते ते पागोटे आहे, बांधून तयार मिळणारी पगडी नव्हे. ते स्वतःच्या हाताने, स्वतःच्या डोक्यावर वेढे देऊन बांधावयाचे. आज सत्कारासाठी दुकानात मिळणारी ‘फुले पगडी’ मात्र कारागिराने आधीच बांधून, खळ देऊन, शिवून ठेवलेली असते. पाहुण्याच्या डोक्यावर ती क्षणभर ठेवली जाते आणि छायाचित्र निघाल्यावर उतरविली जाते.